मातांचा कैवारी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास व्हिएन्ना हे नगर वैद्यकविद्येचे माहेरघर समजले जाई. ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची ही राजधानी. १७८४ साली स्थापन झालेल्या तेथील सार्वजनिक रुग्णालयात युरोपच्या कानाकोपऱ्यांतून विद्यार्थी शिकण्यासाठी येत. याच रुग्णालयात गोरगरीब स्त्रियांसाठी एक मोठे प्रसूतिगृह होते. त्याचे दोन स्वतंत्र विभाग करण्यात आले होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत आणि दुसऱ्या विभागात सुइणींना शिक्षण दिले जाई. एका दिवशी येणाऱ्या स्त्रियांना पहिल्या विभागात घेत, तर दुसऱ्या दिवशी येणाऱ्यांना दुसऱ्या विभागात. कोणी कोठे जावयाचे हे केवळ वार ठरवीत असे.

परंतु त्या वारावर जीवन-मरण अवलंबून आहे, हे शहरातील अडाणी बायाबापड्यांनाही ठाऊक झाले होते. पहिल्या विभागात गेलेली बाई कित्येकदा घरी परत येत नाही, अशी त्या प्रसूतिगृहाची ख्याती पसरली होती. आपला वार पहिल्या विभागाचा आहे असे कळताच कित्येक स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून, आपणांस परत जाऊ द्यावे म्हणून डॉक्टरांची विनवणी करीत. काही जणी तर वाटेतच, रस्त्याच्या कडेला प्रसूत होत आणि मग मूल पदराखाली घेऊन रुग्णालयात येत. आश्चर्य असे, की अशा उघड्यावर बाळंत झालेल्या स्त्रिया सहसा आजारी पडत नसत.

ज्या रोगाची ही दहशत होती त्याचे नाव सूतिकाज्वर. बाळंतपणानंतर एकदोन दिवसांतच स्त्रीला थंडी वाजून ताप भरे, पोट दुखून फुगे, नाडी जलद चाले आणि पुष्कळदा आठवड्याच्या आतच तिचा अंत होई. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४०१० स्त्रिया प्रसूत झाल्या आणि त्यांपैकी ४५९ मृत्युमुखी पडल्या. त्याच वर्षी दुसऱ्या विभागात ३७५४ प्रसूती झाल्या. तेथे मात्र १०५ स्त्रियाच दगावल्या. एकच इमारत, एकच हवा, सारखेच अन्न. मग एका दाराआड मृत्यूचे थैमान आणि दुसऱ्या दाराआड इतकी शांतता, असे का व्हावे? हा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देईना, त्या तरुण डॉक्टरचे नाव होते इग्नाझ सेमेलवाइस.

इग्नाझचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा या नगरात झाला. डॅन्यूब नदीच्या एका तीरावर बुडा आणि दुसऱ्या तीरावर पेस्ट. पुढे १८७३ मध्ये ही नगरे एकत्र होऊन त्यांचे बुडापेस्ट झाले. इग्नाझचे वडील किराणा मालाचे व्यापारी होते. घरात मुलाबाळांचा मोठा गोतावळा होता. १८३७ साली तो कायद्याचा अभ्यास करण्यासाठी व्हिएन्नास गेला. परंतु वर्षभरातच त्याचे मन वैद्यकाकडे ओढले गेले. १८४४ साली त्याने वैद्यकाची पदवी मिळविली आणि जुलै १८४६ मध्ये तो व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहातील पहिल्या विभागात प्राध्यापक क्लाइन यांचा सहाय्यक झाला. त्या वेळी त्याचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. स्वभावाने तो मनमोकळा आणि कष्टाळू होता. परंतु वॉर्डातून रोज निघणाऱ्या प्रेतांनी त्याची झोप उडविली.

सूतिकाज्वराची कारणे त्या काळच्या विद्वानांना ठाऊक नव्हती असे मात्र नाही. उलट त्यांच्यापाशी कारणांची रेलचेल होती. कोणी म्हणत, हा वातावरणातील आणि आकाशस्थ शक्तींचा प्रभाव आहे. कोणी दूषित हवेला दोष देत, कोणी दाटीवाटीला, तर कोणी भीतीने खचलेल्या स्त्रियांच्या मनाला. या सर्व उपपत्तींत एक मोठी सोय होती. त्यांपैकी कोणतीही खरी मानली तरी डॉक्टरकडे अपराध येत नसे. आकाशाला कोण काय करणार? हवेला कोण जाब विचारणार? असा विचार करून डॉक्टर निःश्वास सोडीत, मृत्यूची नोंद वहीत करीत आणि पुढच्या खाटेकडे वळत.

सेमेलवाइसने मात्र यातील एकेक कारण कसोटीला लावून पाहिले. आकाशाचा प्रभाव असेल तर तो एकाच छपराखालील दोन विभागांत निरनिराळा कसा? आणि तो शहरातील रस्त्यांवर का पडत नाही? दाटीवाटी म्हणावी, तर स्त्रिया पहिला विभाग टाळीत असल्यामुळे दुसऱ्या विभागातच गर्दी अधिक होई. दुसऱ्या विभागात स्त्रिया प्रसूतीच्या वेळी कुशीवर निजत, पहिल्यात उताण्या. त्याने पहिल्या विभागातही कुशीवर निजविण्याचा प्रघात पाडला. परंतु मृत्यू थांबले नाहीत. मरणोन्मुख स्त्रीचा अंतिम धर्मविधी करण्यासाठी येणारा धर्मगुरू पहिल्या विभागात इतर खाटांजवळून जात असे आणि त्याच्यापुढे सेवक घंटा वाजवीत असे. त्या घंटेच्या नादाने स्त्रियांच्या काळजाचा थरकाप होत असेल, अशी शंका येऊन सेमेलवाइसने धर्मगुरूला दुसऱ्या वाटेने व घंटा न वाजविता येण्याची विनंती केली. घंटा थांबली, पण मृत्यूचा फेरा थांबला नाही.

कारणाचा छडा लागावा म्हणून तो स्वतः अपार कष्ट घेत असे. रोज पहाटे उठून तो शवागारात जाई आणि आदल्या दिवशी मृत झालेल्या स्त्रियांच्या देहांचे विच्छेदन करी. रोगाचे मूळ त्या निर्जीव देहांत कोठेतरी दडलेले असेल, असे त्याला वाटे. तेथील काम आटोपले की तो विद्यार्थ्यांसह प्रसूतिगृहात येऊन जिवंत स्त्रियांना तपाशी. हा त्याचा नित्यक्रम होता आणि या परिश्रमांबद्दल कोणीही त्याची प्रशंसाच केली असती.

१८४७ च्या मार्च महिन्यात, थोडा विसावा मिळावा म्हणून तो व्हेनिसला जाऊन आला. परत येताच त्याला एक दुःखद वार्ता कळली. त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का हे १३ मार्च रोजी निवर्तले होते. एका शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील शस्त्र त्यांच्या बोटाला लागले आणि त्या लहानशा जखमेतून विष अंगभर पसरून त्यांचा मृत्यू झाला होता. सेमेलवाइसने त्यांच्या शवपरीक्षेचा अहवाल मागवून वाचला. शोकाने व्याकूळ झालेल्या त्या अवस्थेतही वाचता वाचता तो एकाएकी थबकला. कोलेच्कांच्या देहात जे बिघाड आढळले होते, तेच त्याने शेकडो बाळंतिणींच्या देहांत पाहिले होते. म्हणजे कोलेच्कांचा घात करणारा रोग आणि सूतिकाज्वर हे दोन्ही एकच होते!

आता विचारांची साखळी भराभर जुळत गेली. कोलेच्कांच्या शरीरात प्रेतातील विषारी अंश शस्त्रावाटे शिरला. मग बाळंतिणींच्या शरीरात तो कोण पोचवितो? शवागारातून थेट प्रसूतिगृहात कोण येतो? विद्यार्थी येतात, डॉक्टर येतात. ते साबणाने हात धुतात खरे; परंतु धुतल्यावरही हातांना प्रेतांचा दर्प येतच राहतो. याचा अर्थ काहीतरी हातांवर शिल्लक राहते. सुइणींना शवविच्छेदन करावे लागत नाही, म्हणून दुसऱ्या विभागात मृत्यू कमी. रस्त्यावर प्रसूत होणाऱ्या स्त्रीला प्रसूतीपूर्वी कोणी तपाशीत नाही, म्हणून ती वाचते. रुग्णालयाच्या जुन्या वह्यांतही हीच गोष्ट लिहिलेली होती. शवविच्छेदनाद्वारे शिक्षण देण्याचा प्रघात पडण्यापूर्वी तेथील मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ कमी होते. ज्या आकड्यांचा अर्थ वर्षानुवर्षे कोणाला लागला नव्हता, ते आता स्पष्टपणे बोलू लागले.

शोध लागला, परंतु त्या शोधाने सेमेलवाइसचे अंतःकरण विदीर्ण झाले. कारण शवागारात सर्वांत अधिक वेळ घालविणाऱ्यांपैकी तो स्वतः एक होता. ज्यांना वाचविण्यासाठी तो पहाटे उठत होता, त्यांतील कित्येकींना त्याच्याच हातांनी मृत्यूच्या दारी नेले होते. त्यांची संख्या मोजणेही शक्य नव्हते. ही जाणीव मनातून काढून टाकणे त्याला अवघड नव्हते. आकाशस्थ शक्तींची उपपत्ती अजून शाबूत होती. सारे थोर प्राध्यापक तिच्या बाजूला होते. त्याला कोणी दोष दिला नव्हता आणि पुढेही कोणी देणार नव्हते. तरीही त्याने तो सुखाचा आसरा नाकारला. आपण गप्प राहिलो तर उद्याही स्त्रिया मरतील, ही एकच गोष्ट त्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली. पुढे लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्याने स्वतःचा हा अपराध जगापुढे निःसंकोचपणे मान्य केला.

१८४७ च्या मे महिन्यात, मध्याच्या सुमारास, पहिल्या विभागात एक नवा नियम सुरू झाला. प्रसूतिगृहात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्याने, दर्प नाहीसा होईपर्यंत, हात घासून धुवावेत. त्यासाठी पाण्याचे भांडे आणि नखे घासण्याचा ब्रश ठेवण्यात आला. हे द्रावण महाग पडते असे दिसून आल्यावर त्याऐवजी क्लोरीनयुक्त चुन्याचे पाणी वापरण्यात येऊ लागले. त्या पाण्याने हातांची आग होई. विद्यार्थी कुरकुरत, परंतु सेमेलवाइस कोणाची गय करीत नसे.

या साध्या उपायाचा परिणाम विस्मयकारक झाला. एप्रिल महिन्यात शंभरांतील अठरा स्त्रिया मृत्यू पावल्या होत्या. जून, जुलै व ऑगस्ट या महिन्यांत हे प्रमाण शंभरी एक-दोनांवर आले. ऑक्टोबरमध्ये मात्र एक धक्का बसला. एका ओळीतील बारा स्त्रियांपैकी अकरा जणी एकदम दगावल्या. शोध करता कळून आले, की पहिल्या खाटेवरील स्त्रीला सडणाऱ्या व्रणाचा रोग होता आणि तिला तपासल्यावर डॉक्टरांनी क्लोरीनने हात न धुता पुढच्या स्त्रियांना तपासले होते. येथेही सेमेलवाइसने आपल्या उपपत्तीला चिकटून राहण्याऐवजी ती सुधारली. विष केवळ प्रेतांतूनच येते असे नव्हे, तर सडलेल्या कोणत्याही जैव पदार्थांतून ते येऊ शकते, हे त्याने ओळखले. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या तपासणीनंतर हात धुण्याचा नियम झाला. १८४८ या संपूर्ण वर्षात पहिल्या विभागातील ३५५६ बाळंतिणींपैकी केवळ ४५ दगावल्या. त्या वर्षी मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही मृत्यू झाला नाही.

एवढा ढळढळीत पुरावा समोर असताना सर्व वैद्यकजगताने सेमेलवाइसला डोक्यावर घ्यावयास हवे होते. रोकिटान्स्की, श्कोडा आणि हेब्रा या व्हिएन्नातील नामवंत डॉक्टरांनी त्याची बाजू घेतलीही. परंतु पुष्कळांना ते सत्य रुचले नाही. रोगमुक्त करणारे आपले हात रोग पसरवितात, असे मान्य करणे त्यांना अपमानास्पद वाटले. मान्य केले असते तर आपल्या हातून आजवर काय घडले, याचा हिशेब प्रत्येकाला स्वतःच्या मनाशी मांडावा लागला असता. तो हिशेब टाळण्यासाठी अनेकांनी आकाशाकडे आणि हवेकडे बोट दाखविणेच पसंत केले.

हा हिशेब किती जीवघेणा असतो, याचे एक उदाहरण त्याच वेळी घडले. जर्मनीतील कील येथील प्रसूतिगृहाचे प्रमुख मिखाएलिस हे अत्यंत सरळ मनाचे गृहस्थ होते. सेमेलवाइसचा शोध कळताच त्यांनी आपल्या रुग्णालयात हात धुण्याचा नियम सुरू केला आणि तेथील मृत्यूही कमी झाले. परंतु त्यामुळेच त्यांची खात्री पटली, की काही काळापूर्वी आपल्याच नात्यातील एका तरुणीचा बाळंतपणात जो मृत्यू झाला, तो आपल्या हातांमुळेच झाला असला पाहिजे. त्या दुःखाचा भार त्यांना पेलवला नाही आणि १८४८ साली त्यांचा दुर्दैवी अंत झाला. सत्य पचविण्यास किती मोठे मनोबल लागते आणि अशा वेळी माणसाला इतरांच्या आधाराची किती गरज असते, हे यावरून दिसून येते. तथापि मिखाएलिस यांनी सुरू केलेल्या नियमामुळे ज्या माता वाचल्या, त्यांच्या घरी त्या सत्याचे मोल निश्चितच वेगळे होते.

सेमेलवाइसकडूनही काही उणिवा राहिल्या. आपला शोध त्याने कित्येक वर्षे स्वतः लिहून प्रसिद्ध केला नाही. मित्रांनीच त्याविषयी लिहिले. हातांवरील तो विषारी अंश नेमका काय आहे, हेही त्याला सांगता येत नव्हते. कारण रोगजंतूंचे ज्ञान त्या वेळी कोणालाच झालेले नव्हते. १८४९ साली त्याची नेमणूक संपली आणि क्लाइन यांनी ती पुढे चालू ठेवली नाही. पुढील वर्षी त्याला अध्यापनाची परवानगी मिळाली, परंतु केवळ पुतळ्यावर शिकविण्याची अट तीत होती. या वागणुकीने दुखावलेला सेमेलवाइस ऑक्टोबर १८५० मध्ये, जिवलग मित्रांचाही निरोप न घेता, व्हिएन्ना सोडून पेस्टला निघून गेला.

मायदेशी त्याने सेंट रोख रुग्णालयातील प्रसूतिविभागाची व्यवस्था हाती घेतली. १८५१ पासूनच्या सहा वर्षांत तेथे ९३३ स्त्रिया प्रसूत झाल्या; त्यांतील अवघ्या आठ सूतिकाज्वराने दगावल्या. १८५५ साली तो पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाला. दोन वर्षांनी त्याचे लग्न झाले. अखेर १८६१ साली त्याचा मोठा ग्रंथ प्रकाशात आला. परंतु युरोपातील बहुतेक विद्वानांनी त्याकडे दुर्लक्ष केले अथवा त्यावर टीका केली. इकडे गावोगावच्या प्रसूतिगृहांतून माता मरतच होत्या. ते पाहून सेमेलवाइसच्या मनाचा तोल सुटत चालला. त्याने नामांकित प्राध्यापकांना अनावृत पत्रे लिहिली आणि त्यांत त्यांना खुनी ठरविले. त्याचा संताप रास्त होता. पण त्या जळजळीत शब्दांनी विरोधकांची मने अधिकच कठोर झाली. जे सत्य ऐकणाऱ्याला मुळातच झोंबणारे असते, ते सांगताना धीराची आणि सौम्यतेची दुप्पट गरज असते. तो धीर आता त्याच्यापाशी उरला नव्हता.

पुढे त्याची प्रकृती आणि मनःस्थिती दोन्ही ढासळली. जुलै १८६५ मध्ये त्याला व्हिएन्नातील मनोरुग्णांच्या आश्रमात ठेवण्यात आले. तेथील रक्षकांनी त्याला निर्दयपणे मारहाण केली. त्याच्या अंगावरील जखम चिघळून विष रक्तात भिनले आणि १३ ऑगस्ट १८६५ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. ज्या प्रकारच्या विषबाधेपासून त्याने हजारो मातांना वाचविले, तिनेच अखेर त्याचा बळी घेतला.

दैवगती अशी, की त्याच्या मृत्यूच्या आदल्याच दिवशी, म्हणजे १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक अ‍ॅसिडचा उपचार सुरू केला. जखमा निर्जंतुक राखण्याच्या नव्या युगाचा तो प्रारंभ होता. पुढे १८७९ साली लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वरास कारणीभूत होणारे जंतू विद्वानांच्या सभेत फळ्यावर काढून दाखविले. सेमेलवाइसला ज्या गोष्टीचे नाव सांगता आले नव्हते, ती आता सूक्ष्मदर्शकाखाली सर्वांना दिसू लागली. मग मात्र जगाने त्याची थोरवी ओळखली. मातांचा त्राता म्हणून त्याचा गौरव होऊ लागला. १९६९ साली बुडापेस्ट येथील वैद्यक विद्यापीठाला त्याचे नाव देण्यात आले. ज्या घरात तो जन्मला, त्याचे वैद्यकाच्या इतिहासाच्या संग्रहालयात रूपांतर झाले.

गोड भ्रमात राहावे की कटू सत्य जाणून घ्यावे, हा प्रश्न माणसापुढे पुनःपुन्हा उभा राहतो. भ्रमात राहणाऱ्याला वाटते, की आपल्या समाधानाने कोणाचे काही बिघडत नाही. व्हिएन्नातील विद्वानांनाही तसेच वाटत होते. परंतु त्यांच्या मनःशांतीचे मोल पहिल्या विभागातील खाटांवर पडलेल्या निराधार स्त्रिया आपल्या प्राणांनी चुकवीत होत्या आणि त्यांची तान्ही बाळे जन्मतःच पोरकी होत होती. सेमेलवाइसने सत्य जाणून घेतले तेव्हा त्याच्या वाट्याला दुःख आले, अपमान आला. सुख त्याला लाभले नाही. तरीही गेलेल्या जिवांबद्दलचा शोक उराशी धरून तो पाण्याच्या त्या भांड्यापाशी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाचे हात धुववून घेऊ लागला. आज जगातील प्रत्येक रुग्णालयात रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी डॉक्टर आणि परिचारिका हात स्वच्छ करतात. त्या साध्या कृतीमागे, स्वतःचाच दोष सर्वांआधी पाहणाऱ्या एका प्रामाणिक माणसाची तपश्चर्या आहे.